खाडाबाईच्या आईचे दोन शब्द

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या संस्थेच्या सचिव बाई, आज सेवानिवृत्त होत असलेले आपले मुख्याध्यापक सर, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, शिक्षकवृंद, पालक बंधू-भगिनी आणि मघापासून मांडी घालून अवघडलेल्या माझ्या बालमित्रांनो,

मला पालकांच्या वतीने दोन शब्द बोलायला सांगितलंय. माझ्या आधीच्या सगळ्या वक्त्यांनी सरांच्या शिस्तीचं कौतुक केलं. थोडं मीही करते. माझ्या लेकीला जन्मापासून रक्ताचा आजार आहे. दर महिन्याला दवाखान्यात नेऊन तिला रक्त चढवावं लागतं. पाचवीत प्रवेश घेताना सरांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिला जिने चढायला नकोत म्हणून अख्खा वर्ग तळमजल्यावर आणला. हे मी विसरलेले नाही.

मग सरांनी हजेरीची ढाल सुरू केली. पाहुण्यांसाठी सांगते, ती समोर टेबलावर हार घालून ठेवलीय तीच. महिनाभर एकही खाडा न करणाऱ्या वर्गाला ढाल मिळते आणि शनिवारी खेळाचा जादा तास. मी सरांना तेव्हाच विचारलं होतं, आजारपणाचा खाडाही धरणार का? सर म्हणाले, "ताई, एकाला सूट दिली की सगळ्यांची पोटं दुखायला लागतात. आणि मुलंच मुलांना वळण लावतात, बघाल तुम्ही."

बघितलं, सर.

तिच्या वर्गाला ढाल मिळणं शक्यच नव्हतं. मुलं काय करणार? खेळाचा तास कुणामुळे बुडतो हे त्यांना ठाऊक होतं. तिचं नाव पडलं खाडाबाई. डबा खायला शेजारी कुणी बसेना. एकीने तिला विचारलं, "तुझं रक्त रविवारी नाही का चढत?" वर्गशिक्षिकांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस गं, गंमत करतात." गंमत! ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाई. मुलांनो, तुम्ही खाली माना घालू नका. तुम्हाला कुणीतरी मोठ्या माणसाने एका मुलीच्या मागे लावलं आणि त्याला शिस्त म्हटलं. माझा राग मोठ्या माणसांवर आहे.

गेल्या महिन्यात दवाखान्याच्या दिवशी मी गाडी बोलवत होते, तेवढ्यात ही मागच्या दाराने निघून शाळेत आली. बाईंनी नाव घेतलं, ही "हजर" म्हणाली आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी या शाळेत वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या. आम्ही तिला पार दवाखान्यापर्यंत शोधत फिरत होतो, आणि दुपारी इथे ती पाण्याच्या नळापाशी कोसळली. शिपाईकाकांनी उचलून दवाखान्यात आणली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. तो महिन्यातला शाळेचा शेवटचा दिवस. महिना मात्र पूर्ण भरला. ढाल मिळाली!

आणि चार दिवसांनी सरांचा फोन. मला वाटलं, तब्येतीची चौकशी असेल. तर म्हणाले, निरोप समारंभात तिला 'जिद्दीची विद्यार्थिनी' म्हणून पारितोषिक द्यायचं ठरलंय. तेच घ्यायला मला इथे वर बसवलंय.

अध्यक्षा बाई, मला घड्याळ दाखवू नका. सरांच्या बालपणावर अर्धा तास गेला, तेव्हा ते बंद पडलं होतं का?

जिद्द? अहो, ती पोर घाबरली होती! मेले तरी चालेल पण खाडा नको, इथपर्यंत तुम्ही तिला आणलंत, आणि वर तिचाच सत्कार करताय? हे पारितोषिक मी घेणार नाही. अजिबात नाही.

येत्या सोमवारी तिची पुढची तारीख आहे. ती म्हणते, "मी जाणार नाही. ढाल गेली तर परत सगळे तसेच वागतील." मी समजावलं, रडले, ओरडले. डॉक्टर समजावून थकले. तिचे बाबा तर तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. कुणाचं ऐकत नाही. म्हणते, "सरांनी सांगितलं तरच जाईन." याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो, सर, की आईबापापेक्षा तिला तुमच्या शब्दाचा धाक आहे.

शिपाईकाकांचे आभार मानते. मला बोलायला दिलंत, संयोजकांचेही आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पदरात घ्या. बोलले त्यातला शब्द मात्र मागे घेत नाही.

सर, संध्याकाळपर्यंत तुम्हीच इथले मुख्याध्यापक आहात. ती तिकडे दाराजवळ तिच्या बाबांशेजारी बसलीय. या, हा माईक घ्या, आणि सगळ्या शाळेसमोर तिला सांगा की सोमवारी शाळेत यायचं नाही, दवाखान्यात जायचं. तिला नावाने हाक मारा, सर. मी इथेच बाजूला उभी आहे.