शेजारच्या खुर्चीतला ताल

मैलापूरच्या संगीतसभेत दुपारचं गाणं संपलं आणि हिरवी शाल पांघरलेले शेषाद्री कॉफीच्या रांगेत लागले. पुढे दोन वयस्कर बायका पाठमोऱ्या बोलत होत्या.

“दोन बसा बदलायच्या, वर एवढं महाग तिकीट. हेच गाणं घरी फोनवर ऐकता येतं की, अलमेलू.”

“ऐकते ना. पण तिथे शेजारी मांडीवर ताल धरणारं कोणी नसतं.”

“तो हिरव्या शालीवाला? धड एक आवर्तन जमत नाही त्याला.”

शेषाद्रींनी शाल हळूच पिशवीत कोंबली.

“आमच्या ह्यांनाही कधी जमलं नाही. मी त्यांचा हात दाबून धरायची.”

“आणि आता?”

“आता त्याच्या शेजारचीच खुर्ची मागून घेते.”

पुढच्या गाण्याची घंटा झाली. शेषाद्रींनी शाल पुन्हा बाहेर काढली.