कलमांनी दिलेली साक्ष

माझा जन्म मखमलाबादच्या मळ्यातला, माळ्याची पोर मी, अन् हात असा गुणाचा की काय सांगू तुम्हाला, कुदळीचा नुसता दांडा जमिनीत खोवला तरी आठ दिवसांत त्याला पालवी. आवाज तर असा की मी गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, ह्या काठाला शिंकले की पलीकडची म्हैस दूध चोरायची. हसता काय, लिहून घ्या. तर ह्या हातावरच मला सरकारी रोपवाटिकेत काम लागलं, कुठली ते लिहू नका, रोजंदारीवरून कायमबी झाले, गुलाबाचे डोळे भरून कलमं करायचं काम.

तिथली एक रीत होती. जिनं डोळा भरला तिनं पत्र्याच्या पट्टीवर खिळ्यानं आपलं नाव अन् तारीख कोरायची अन् तारेनं रोपाला बांधायची, म्हणजे कलम मेलं की बोलणी कुणाला द्यायची ते साहेबाला कळावं. आमच्यावर पाळत होती ती, दुसरं काय.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा वणीकडची निर्मला लागली रोजंदारीवर, वीस वर्षांची, हात माझ्यापेक्षा चलाख, हे मी कुणाजवळ कबूल केलेलं नाय, तुम्हालाच सांगते. अन् साहेबाची खोड अशी, हजेरीपट आपल्या खोलीत ठेवायचा, नव्या पोरींनी एकेकटीनं आत यायचं सहीला, दार लोटून घ्यायचं, अन् मग अंगाला हात. आम्हा जुन्या बायकांना माहीत होतं. आम्ही काय करायचो, पोरींना जोडीनं पाठवायचो, नायतर मी दारात खोकत उभी राहायची, अन् वाटायचं लय मोठं काम केलं. नव्हतं केलं. आमचं सगळं डोकं पोरी लपवण्यात, साहेबाला कुणी जाब विचारावा हे मनातच येत नव्हतं.

निर्मलानं त्याचा हात झटकला अन् सांगितलं, सही करीन तर बाहेर ओट्यावर. तिनं वरच्या हपिसात तीन अर्ज दिले, तिन्हींवर आवकचा शिक्का, उत्तर एकाचंबी नाय. इकडं साहेबानं रोज कामावर असलेल्या पोरीची अकरा दिवस गैरहजेरी मांडली अन् येत नाय म्हणून काढून टाकलं. पोर माझ्याकडं आली, म्हणाली मावशी, घरचे म्हणतात तुझंच काही चुकलं असंल, आता मी परत कामावर गेले नाय तर जन्मभर तेच खरं राहील.

मी तिला वकीलबाईंकडं नेली. त्या म्हणाल्या, नुसत्या साहेबाला धरलं तर खातं त्याची मनमाडला बदली करंल अन् तिथल्या पोरी भोगतील, आपण खात्यालाच उभं करू, वरच्या कोर्टाचा नियम हाय की हपिसात तक्रारीला समिती पाहिजे, ह्यांनी केलीच नाय. मी म्हटलं बाई, खात्याला कसं उभं करायचं, त्याला ना हात ना पाय. त्या म्हणाल्या, हजेरीपट कुणी दिला, खोली कुणी दिली, अर्ज कुणी दाबले, तेच त्याचे हातपाय. अन् मला म्हणाल्या, साक्षीदार तुम्ही, पण आक्का, एक शब्द वाढवलात तर पोरीची केस बुडाली. अहो, सकाळी किती भाकरी खाल्ल्या हेबी मी कधी खरं सांगितलेलं नाय.

कोर्टात साहेब म्हणाला पोरगी आलीच नव्हती. मी सांगितलं, त्याच अकरा तारखांच्या तिच्या पट्ट्या ठेवणीतल्या, विकायच्या नसलेल्या, वाफ्यात रोपांना हायेत. खात्याचा वकील म्हणतो, तुम्ही बायकांनी मागून बांधल्या असतील, अन् लिंबाच्या झाडावर गुलाब भरला म्हणून सांगत फिरता त्या तुम्हीच ना. सगळं कोर्ट हसलं. मी म्हटलं हो, मीच, अन् ते खोटं हाय. पण जजसाहेब, तार सालीत रुतून बसलीय, काल बांधलेल्या तारेला खोड गिळत नाय, माणूस पाठवून बघा.

माणूस गेला, बघून आला. चौऱ्याऐंशी पट्ट्या भरल्या. शंभर म्हणायला जीभ वळवळत होती, दातांखाली धरून ठेवली.

मग खातं म्हणतं, साहेबाचं वागणं त्याचं खाजगी, आम्हाला काय ठाऊक. वकीलबाईंनी तिन्ही शिक्के पुढं ठेवले.

निकालाला इतकी वर्षं लागली की माझे अर्धे दात गेले, बरं, दोन गेले. पण निकाल लागला. खातं जबाबदार, निर्मलाला कामावर घ्या, मधली वर्षं नोकरीत धरा, समिती नेमा. साहेबालाबी घरी बसवलं. पहिल्या दिवशी निर्मलाचा बाप तिला फाटकापर्यंत सोडायला आला, अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, माझी लेक कामाला आलीय.

आता मी घरी बसून खाते, सुनेशी भांडते, मजेत हाय. निर्मला कायम झाली, समितीवर हाय. हपिसाच्या भिंतीला समितीच्या नावांची पाटी हाय, नव्या पोरी तिच्याखाली डबे खातात, खिदळतात, वर बघतबी नायत. त्यांना वाटतं हे पहिल्यापासून असंच होतं. मी निर्मलाला म्हटलं, सांगू का त्यांना, लय रंगवून सांगते. ती म्हणाली, राहू द्या मावशी, जेवताहेत. बरोबर हाय तिचं. जेवू द्या पोरींना सुखानं.