मोरीतल्या मुंग्या आणि डॉक्टरीणबाई

आजच्या सभेचे अध्यक्ष, गावचे माजी सरपंच आणि योगायोगाने माझे वडील रतिलालआबा. शहाद्याहून धूळ खात आलेले सन्माननीय पाहुणे. जिच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ती सत्कारमूर्ती डॉक्टर वत्सलाबाई. भिंतीला टेकून बसलेल्या माय-बहिणी आणि दारात उभे असलेले सगळे,

आधी खरं सांगून टाकतो. भाषण लिहून आण म्हणून हेडमास्तरांनी मला मागच्या बाजारच्या दिवशीच बजावलं होतं. मी रोज उद्या म्हणत राहिलो. शेवटी आज सकाळी इकडं येताना स्टँडवर, शहाद्याची गाडी यायच्या आत, खिडकीवर काढलेल्या तिकिटाच्या पाठीवर चार ओळी लिहिल्या. उतरताना कंडक्टरनं तिकीट मागून घेतलं, त्यात भाषण गेलं. आता जे आठवतं ते बोलतो.

मला एक संशय आहे. सातवीत शाळा सोडलेला, कधी तोरणमाळच्या घाटात तर कधी सुरतेत भटकणारा सुपडू, याला भाषणाला उभं का केलं? गावात शिकलेली माणसं काय थोडी आहेत? मला वाटतं, सुपडू बोलता बोलता भलतीकडे जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे बाईंबद्दल काही बोलायचं राहूनच जाईल, अशी सोय.

दुसरा संशय या पेढ्यांचा. जी बाई अडीच वर्षं गोड कमी करा म्हणून घसा कोरडा करत होती, तिच्या पुढ्यात पेढ्यांचं ताट कोणी ठेवलं?

बाई आल्या तेव्हा संशय आपणच घेतला होता, आठवतं? एकटी बाई, लग्न नाही, घरोघर जाऊन विचारते की घरात माणसं किती, गूळ किती लागतो, पोरं शाळेत चालत जातात का. घरात माणसं किती त्यावर जमीन किती ठेवायची, हे ठरवणारा सीलिंगचा कायदा नुकताच आलेला. गिरधर कोळपे तर म्हणाला, ही डॉक्टरीण नाहीच, तलाठ्याची माणूस आहे. अर्ध्या गावानं तिला माणसं कमी सांगितली, अर्ध्यानं जास्त. त्यात ती बाटलीत लघवी मागायची. निळ्या पाण्यात थेंब टाकून दिव्यावर उकळायची, आणि कुणाकुणाचं पाणी विटेसारखं लाल व्हायचं. धुडकूची आई ते पाहून दवाखान्यातून पळाली ती थेट मारुतीच्या पारावर थांबली.

लाल पाण्यावरून आठवलं, काठी गावच्या होळीला मी गेलो होतो तेव्हा... असू द्या. विषय सुटतोय. आबांनी घंटीला हात लावला, मी पाहिलं.

आमच्या घरची गोष्ट सांगतो, ती गावाला अर्धी माहीत आहे. आमच्या घरात पहिल्या मुलाला पायी शाळेत पाठवत नाहीत. माझा थोरला भाऊ मगनभाऊ आमचे सालगडी गोवालदादा यांच्या खांद्यावर बसून चौथीपर्यंत शाळेत गेला. सकाळी उठला की पितळी वाटीत काकवी, वर तूप बोटभर. गुऱ्हाळ सुरू झालं की दिवसभर कढईजवळ. गोवालदादा तेव्हाच म्हणायचे, "भाऊ जेवस अन् मान मन्ही दुखस." सगळे हसायचे. मगनभाऊसुद्धा वरून हसायचा.

मी धाकटा. जगावा म्हणून सुपात घालून ओवाळलेला, म्हणून नाव सुपडू. जगलो एवढं पुरे, पुढं कोणी लक्ष दिलं नाही. शिळी भाकर खाऊन नदी, शीव, शेजारचं गाव पालथं घालायचो. लाड नव्हते, याचं मला तेव्हा फार वाईट वाटायचं.

मगनभाऊ तिशी ओलांडून थोडा पुढे गेला आणि आमच्या मोरीत मुंग्यांची रांग लागली. तो लघवी करून यायचा तिथंच. मायनं काय केलं? हळदकुंकू वाहिलं. चिमूटभर साखर ठेवली. शेजारणीला बोलावून दाखवलं, "आपला घरमा लक्ष्मी उनी." आम्ही सगळ्यांनी त्या मुंग्यांना नमस्कार केला. मीसुद्धा.

बाई घरी आल्या तेव्हा त्यांनी सहज विचारलं, मोरीत मुंग्या येतात का. मायनं मोठ्या अभिमानानं सांगितलं. बाई मोरीत जाऊन ती रांग बघून आल्या. ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "छबूबाई, ही लक्ष्मी नव्हे. साखर अंगातून वाहून जाते आहे."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पायाला काट्याची जखम, ती भरेना, धुळ्याला अंगठा काढला. जखम भरली तरी मगनभाऊनं उंबरा ओलांडला नाही. रतिलाल पाटलाचा थोरला लंगडत चालतो, हे कोणी पाहू नये म्हणून.

मी बाईंना विचारलं, काकवीनंच झालं का? त्या म्हणाल्या, एका पोटच्या दोन भावांवरून सगळं सिद्ध होत नाही, रक्तातूनही येतं. पण लहानपणी अंगाला जी सवय लागते ती मोठेपणी हात धरून चालते, आणि रक्तातच असेल तर लहानपणापासूनच जपायला हवं. मग त्यांनी मगनभाऊच्या मुलाकडं, आमच्या नवलकडं पाहिलं. सहा वर्षांचा. गोवालदादाच्याच खांद्यावर. हातात तीच पितळी वाटी.

बाई आबांना म्हणाल्या, याला खाली उतरवा, चालू द्या. आबा म्हणाले, "मन्हा नातू पायी गया ते लोके काय म्हनतीन?"

त्यानंतर आबा जीप घेऊन धुळ्याला गेले. त्यानंतर बाईंच्या बदलीचा हुकूम आला. यात काही संबंध आहे का, हे मी विचारणार नाही. भर सभेत वडिलांना असलं विचारायचं नसतं. पण हार आणायला सगळ्यात आधी कोण धावलं, ते मी पाहिलं आहे.

घंटी ऐकली, आबा. आवरतो.

बाई, तुम्ही गेल्यावर नवलला खाली उतरवा म्हणणारं आमच्या घरात कोणी नाही. मी म्हणेन, पण माझं ऐकतो कोण? मी आज इथं, उद्या तळोद्यात. एवढीच धास्ती आहे. मोरीत पुन्हा मुंग्या आल्या, तर या खेपेला हळदकुंकू कोण अडवणार?

तुम्ही आमचे संशय सोसले, त्याबद्दल गावातर्फे आभार मानतो. गावानं सांगितलेलं नाही, मीच मानतो. हेडमास्तरांचे, सतरंजी देणाऱ्यांचे आणि इतका वेळ न उठलेल्यांचे आभार. जीभ घसरली असेल तर पोटात घाला. आबा, तुम्ही तर घालाच...

एक मिनिट. दाराकडं गलका कसला? वाट द्या जरा, वाट द्या.

अध्यक्षमहाराज, घंटी राहू द्या आणि तिकडं बघा. मगनभाऊ आला आहे. काठी टेकत, गल्लीतून, सगळ्यांच्या देखत. बोट धरून नवल आहे, घोट्यापर्यंत धुळीनं माखलेला. आणि मागून गोवालदादा येतायत, खांदे रिकामे.