बिनफोनच्या गावातून बाबांना परत आणायचं म्हणजे...

...आणि वर हे गावकरी मलाच विचारतात, काय, कसं वाटलं गाव? कसं वाटायचंय! गाव म्हणायचं त्याला? वीज नाही, फोन नाही, टीव्ही नाही, मिक्सर नाही, अहो, साधी दारावरची बेल नाही! दाराबाहेर उभं राहून खोकायचं. मी आपला खोकत उभा, तर आतली बाई गरम पाणी घेऊन आली, म्हणाली कधीपासून आहे खोकला? आता बोला!

बरं, वीज पोचलीच नाही असंही नाही. वेशीपर्यंत खांब उभे आहेत, तारा लोंबताहेत. ह्यांनीच हात जोडून सांगितलं, नको. का, तर म्हणे आमचं काही अडत नाही. अरे, तुमचं नाही अडत, पण आलेल्या पाहुण्याचं अडतं त्याचं काय?

तर मी तिथे कशाला कडमडायला गेलो? हौस नव्हती, तुम्हाला सांगतो. आमचे बाबा तिथे जाऊन बसलेत! जन्मभर टेलिफोन खात्यात नोकरी, खांबांवर चढून चढून गावोगाव तारा जोडल्या, आणि म्हातारपणी राहायला जागा कुठली शोधली, तर जिथे फोनच नाही! जरा चार दिवस जाऊन येतो म्हणाले, एका सुताराच्या माडीवर खोली घेतली, आणि पावसाळा सरला तरी परत यायचं नाव नाही. इकडे ताई रोज माझी हजेरी घेते... "तूच बाबांना घराबाहेर काढलंस असं सगळे म्हणताहेत. घेऊन ये, नाहीतर तुझ्या घराची पायरी चढणार नाही." मी काढलं? स्वतंत्र खोली, नवी गादी, भिंतभर टीव्ही... आणि मी काढलं? चोर सोडून संन्याशाला फाशी! आता बोला!

गावात शिरायलाच फाटक. तिथे एक बाई बसलेली, म्हणाली फोन इथे ठेवा. मी म्हटलं लॉकर आहे का, तर तिने अंड्यांची टोपली पुढे केली. मी फोन बंद करायला विसरलो, ऑफिसातून एकामागून एक फोन, टोपलीत तो थरथरतोय, आणि एक कोंबडी जाऊन त्याच्यावर बसली! पिल्लू बाहेर येतंय अशी तिची समजूत. निघताना घ्यायला गेलो तर मलाच चोच मारली हो तिने.

सुताराकडे पोचलो. बाबा ओट्यावर बसून खुर्चीचा पाय पॉलिशपेपरने घासताहेत. आणि हसताहेत! घरी ज्या माणसाच्या तोंडून शब्द निघत नव्हता तो त्या सुताराशी खिदळतोय. मला बघून म्हणाले, ये, बस. मी लगेच तोफ डागणार, तर सुतार म्हणाला, "आमच्याकडे पद्धत आहे बरं का दादा, बोलणाऱ्याचं संपेपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही, हातातलं काम खाली ठेवायचं." मी म्हटलं वा, हे झकास! आणि दोघं सगळं खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसले.

तुम्हाला सांगतो, बोलणं एवढं जड मला जन्मात गेलं नव्हतं. समोरच्याने मध्ये तोंड घातलं की कसा माणसाला जोर चढतो. इथे हूं नाही की चूं नाही! ताई काय म्हणते ते सांगितलं, शेजारी काय म्हणतात ते सांगितलं, विंचवावर बोललो, डासांवर बोललो, पडलात झडलात तर डॉक्टरला कोण बोलावणार ते विचारलं, गादीचं सांगितलं, टीव्हीचं सांगितलं, मग परत गादीचं सांगितलं... ऐकताहेत! मध्येच खिशाकडे हात गेला, तर फोन कोंबडीखाली. आणि संपलं हो माझं बोलणं. माझं! जो झोपेतही भांडतो असं बायको चारचौघांत सांगते! आता बोला!

मग बाबा म्हणाले, "झालं?" म्हटलं झालं.

"तुझ्या घरी काही कमी नव्हतं रे. पण मी तोंड उघडलं की तू बोट वर करायचास, एक मिनिट हं बाबा, आणि फोन कानाला. तुझी आई जाण्याआधी तुझ्याविषयी बरंच बोलली होती. ते तुला सांगायचं होतं. किती वेळा सुरुवात केली. शेवटी ह्याला सांगितलं."

ह्याला! ह्या रंधा मारणाऱ्याला! माझी आई, माझ्याविषयी बोललेली, आणि ऐकणार कोण तर हा? अहो, ऑफिसचे फोन असतात, घ्यावे लागतात, माझी काय चूक त्यात? असा संताप आला, आणि संतापात डोळ्यांत पाणी कशाला येतं कोण जाणे, ते आलं. म्हटलं, मग सांगा ना आता. तर बाबांनी खुर्चीचा पाय पुन्हा हातात घेतला. "घाईत सांगण्यासारखं नाही ते. तुझी बस सुटेल. पुढच्या रविवारी ये, थोडं सांगतो."

थोडं! तुम्हाला सांगतो, तेव्हापासून दर रविवारी जातोय. भिकार गाव, धुळीचा रस्ता, ती कोंबडी... आणि बाबा सांगतात चमच्याने पाजल्यासारखं. आई अजून माझ्या शाळेपर्यंतसुद्धा आलेली नाही. ताईला सांगितलं, तर ती म्हणाली मलाही ने. घ्या, म्हणजे आणायला गेलो एकाला आणि निघालो दोघं!

ह्या रविवारी मात्र ठरवलं होतं, नाही जायचं. पाठ धरलीय, अंग मोडून आलंय, सरळ कळवून टाकू. पण कळवणार कसं? फोन नाही! बाबा मात्र सकाळपासून ओट्यावर वाट बघत बसणार. म्हणजे येत नाही एवढं सांगायलासुद्धा तिथवर जावंच लागतं हो... निघालोय, दुसरं काय!