शिकाऊ गाडी आणि वरपर्यंतचा चढ

...नाही, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी हा विषय काढतच नाही. छोट्या शिकाऊ मोटारसायकलला इकडे जरा कापलं, तिकडे जरा जोडलं तर ती जास्त पळते का? पळते. मग करून घेण्यात फायदा आहे का? आता असं करा, आधी बसा. उभ्याने ऐकण्यातलं नाही हे.

माझी गाडी म्हणजे नवशिक्याला देतात ती, सगळ्यात लहान इंजिनाची, पुढे एक आणि मागे एक एलची पाटी. आणि नवशिका कोण, तर मी, पन्नाशीचा. हसा, माझा सख्खा भाचा हसला, तुम्ही तर परके. पण करणार काय? आमचं हॉस्पिटल टेकडीवर, आणि वर जाणारी बस झाली बंद. आमची ही तिथे लाँड्रीत, मी त्याच इमारतीत खाली स्टोअरला, बँडेजच्या खोक्यांमध्ये. आणि हिचा गुडघा... अहो, अठ्ठावीस वर्षं इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहिल्यावर गुडघ्याने जे करायचं असतं ते त्याने केलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, चढ टाळा." हे कोण म्हणतंय, तर जो स्वतः चढाच्या टोकावर खुर्ची टाकून बसलाय तो. चढ टाळला की नोकरीच टळली ना? म्हणून गाडी.

लायसन हिचं, लग्नाआधीचं. माहेरी गाडी चालवायची ही, आमच्याकडे आल्यावर चालवायला गाडीच नव्हती, आणि आता गाडी आली तर गुडघा किक मारू देत नाही. नियम असा, की शिकाऊ माणसाने लायसनवाला मागे बसवूनच चालवायची. म्हणजे आमच्या गाडीवर हँडल पुढे आणि अक्कल मागे. पहिल्या दिवशी हिने मैदानात मला तीन गोष्टी सांगितल्या, नजर समोर, क्लच हळू, उजवा पाय ब्रेकवर. आणि तुम्हाला सांगतो, उभ्या संसारात बायकोचं म्हणणं इतकं तंतोतंत मी कधी पाळलं नव्हतं.

सपाटीला ठीक चालायची. चढ लागला की मात्र म्हशीसारखी मान खाली घालायची. किती हळू म्हणाल? एक आजोबा काठी टेकत आम्हाला मागे टाकून गेले, आणि वर वळून म्हणतात कसे, "बसता का माझ्याबरोबर?" एका मुंगीने तर... बरं, मुंगीचं राहू द्या. मागच्या गाड्या सारख्या दिवे मारायच्या, एक-दोघे काचा खाली करून काही ओरडायचेही, मला वाटायचं नवशिक्याला धीर देतायत, मी मान डोलवायचो. अर्ध्यावर एक वळण आहे, तिथे गाडी गचके द्यायला लागायची की ही निमूट उतरायची आणि भिंतीला हात लावत चालत वर यायची. तेवढ्या तुकड्यापुरता नियम गुंडाळून मी एकटा वर, गेटपाशी उभा. पोचली की पायरीवर बसायची, गुडघा दाबत म्हणायची, "आलो ना? झालं तर मग."

चार महिने. मग एके दिवशी सुटे शोधताना हिच्या पर्समध्ये घडी केलेला कागद हाताला लागला. राजीनामा. सगळा लिहिलेला, सुवाच्य, फक्त तारखेची जागा रिकामी. मी तो होता तसा ठेवला आणि तडक गॅरेज गाठलं.

मिस्त्री भला माणूस, हं. त्याने गाडी नेली, टेकडीवर जाऊन आला, म्हणाला, "काका, माझ्याखाली तर चढते की बरी." म्हटलं, तू फुंकरीने उडशील असा, तुझं काय. म्हणाला, "दोघांनाही ओढेल. तुमचे ब्रेक मात्र फार झिजतात, हा तिसरा जोड." म्हटलं, मी सावध माणूस आहे, तू इंजिनाचं बघ. घरी सांगितलं तर ही कणीक मळता मळता म्हणाली, "होती तशी काय वाईट होती?"

पण एकदा माणसाने घेतलं डोक्यात... सायलेन्सर बदलला, गाडी अशी बोंबलायला लागली की समोरच्या न्हाव्याने एका गिऱ्हाइकाची मिशी एकाच बाजूने उडवली, आणि ही खिडकीतून, "होती तशी काय वाईट होती?" कार्बोरेटर बदलला, चेनचं चक्र बदललं, आणि मिस्त्री म्हणाला, "काका, इंजिन लहान ते लहानच. आता वजन उतरवा." झालं. आरसे उतरवले, चेनचं कव्हर उतरवलं, आणि वजन कमी करण्याची एक नशा असते बघा, ते कशासाठी चाललंय हे आठवतच नाही. मिस्त्री म्हणाला, "ही लांब सीट फार जड." म्हटलं, काढ. एकट्याची सीट बसवली, मागे उंचवटा असलेली, ऐटबाज. "आता मागचे पाय ठेवायचे दांडे काय कामाचे?" म्हटलं, काप. गॅसने कापले, मुळापासून.

सकाळी गाडी दारात लावली. ही हेल्मेट घालून, पर्स अडकवून बाहेर आली. गाडीभोवती एक फेरी मारली. त्या उंचवट्यावरून हात फिरवला. आणि एवढंच विचारलं, "आणि मी?"

...काय सांगू? म्हटलं, अगं, चढते मात्र झकास.

लायसन मागे बसेना म्हणजे मला चालवताही येईना. उरला एकच मार्ग, माझं स्वतःचं लायसन. गेलो परीक्षेला, गाडी ढकलत. साहेब म्हणाले, मैदानाला दोन फेऱ्या मारा. मारल्या. इतक्या बदलांनंतरही गाडी आपली कुंथतच होती. साहेब चष्मा पुसत जवळ आले, म्हणाले, "काका, तुमचा मागचा लाल दिवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पेटलेला होता." म्हटलं, दिवा चांगला आहे साहेब. म्हणाले, "दिवा चांगलाच आहे. तुम्ही ब्रेकवरचा पाय काढा." म्हटलं, पाय ब्रेकवरच ठेवायचा असतो ना? त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "ठेवायचा. दाबायचा नाही."

मी पाय उचलला... आणि गाडी जी सुटली, मी मैदानाच्या कुंपणापाशी, आणि माझा उजव्या पायातला बूट मात्र सवयीने तिथेच, जिथून निघालो तिथे. नापास. वर साहेबांनी लिहून दिलं, सीट, सायलेन्सर, सगळं मूळचं करून आणा. मूळचं आणू कुठून? सीट मिस्त्रीने दुसऱ्या गाडीला लावली, आणि कापलेले दांडे परत जोडायचे तर तो सुटा भाग मागवावा लागतो, तो येईल तेव्हा येईल.

तर फायदा आहे का, विचारलंत. इंजिनाला काही झालेलं नव्हतं हो. चार महिने मी माझ्या बायकोला ब्रेक दाबून डोंगर चढवत होतो, आणि ती त्या गुडघ्यावर, भिंतीला धरून... हे मी तिला सांगितलेलं नाही. तिला वाटतं नवऱ्याने हौसेपायी गाडीची वाट लावली. वाटू दे. मूर्ख ठरणं मला परवडतं, हे ब्रेकचं तिला कळणं नाही परवडत. आणि तुमच्यापैकीही कोणी तिच्याजवळ बोलायचं नाही.

परवा त्या कागदावर तारीख पडली. महिनाअखेरची. तोवर आम्ही दोघं चालतच जातो, थांबत थांबत, तिचा हात माझ्या खांद्यावर. काल त्या वळणावर दम खायला थांबलो, तर नेहमीचं म्हणाली, "होती तशी काय वाईट होती?" मी पुढचं पाऊल टाकलं. मग खाली बघून म्हणते, "अहो, तुम्ही चालताना उजवा पाय असा दाबून का टाकता?"

म्हटलं, सवय.