मिशरीचा रकाना

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या प्राचार्या प्रतिभाताई. प्रमुख पाहुणे, संस्थेचे विश्वस्त आणि द्राक्ष बागायतदार मंडळाचे अध्यक्ष माननीय रावजीअण्णा. सत्कारमूर्ती मालनबाई, त्यांचे कुटुंबीय, माझे सहकारी आणि मागे दारापाशी दाटीवाटीने उभे असलेले विद्यार्थी मित्रहो,

मालनबाई आमच्या प्राणिशास्त्र विभागात सत्तावीस वर्षं परिचर होत्या. विभागप्रमुख म्हणून मी त्यांचं कौतुक करावं, अशी आज्ञा आहे. आधीच्या वक्त्यांनी त्यांचा वक्तशीरपणा सांगितला, त्यांच्या हातचा चहा सांगितला. सगळं खरं आहे. मला मात्र त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटते, आणि ती का वाटते हे सांगितल्याशिवाय माझ्या तोंडून कौतुक निघणार नाही. प्रतिभाताई, पाच मिनिटं जास्त घेतो.

१९९८ साली आम्ही एक अभ्यास केला. पेठ-सुरगाण्याकडून हंगामाला येणाऱ्या, द्राक्षबागेत फवारणीचा पाइप ओढणाऱ्या चाळीस बायका घेतल्या. गालाच्या आतून लाकडी पट्टीने हलकेच खरवडायचं, ते काचेवर पसरून रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पेशीतला डीएनए तुटला असेल, तर पेशी विभागताना तुटका तुकडा मुख्य केंद्रकाबाहेर राहतो आणि शेजारी बारीक ठिपका दिसतो. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. हजार पेशींत असे ठिपके किती, ते मोजायचं. तुलनेसाठी पंचवटीतल्या पापड लाटणाऱ्या चाळीस बायका घेतल्या, ज्यांचा फवारणीशी काडीचा संबंध नव्हता. त्या मालनबाईंनीच जमवून दिल्या.

फवारणीवाल्यांत हजारी चार ठिपके निघाले, पापडवाल्यांतही चारच. म्हणजे फवारणीने काही होत नाही! मी खूश. नवाकोरा सूक्ष्मदर्शक मंडळाने दिलेला, पुण्याची परिषद तोंडावर आलेली. तेव्हा मालनबाई हळूच म्हणाल्या, "सर, पापडवाल्या बाया मिशरी लावत्यात. तुमच्या कागदावर त्याचा रकानाच नाय."

मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच की. आम्ही तंबाखू खाता का, विडी ओढता का, एवढंच विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या, आणि खोटं बोलल्या नाहीत. दात घासण्याला तंबाखू खाणं कोण म्हणतं? फवारणीवाल्या नुसत्या राखेची राखुंडी वापरायच्या. मिशरीनेही तेच ठिपके वाढतात, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं, वर्गात शिकवत होतो. माझी आई जन्मभर मिशरी लावत होती, तरी रकाना आखायचं सुचलं नाही. बरं, सुचवल्यावर तरी मी काय म्हणालो? "मालनबाई, तुम्ही काचा धुवा. शास्त्राचं आम्ही बघतो."

अहवाल छापून आला. अण्णा, मंडळाने त्याच्या झेरॉक्स बागोबाग वाटल्या. त्या फवारणीवाल्या चाळिसांतल्या नवसाबाईंनी हातमोजे मागितले होते, फवारल्यावर एक दिवस बागेबाहेरचं काम मागितलं होतं. मुकादमाने त्यांच्यापुढे आमचा कागद धरला. त्या तडक कॉलेजात आल्या आणि आमच्या गालात काय निघालं, असं मला विचारलं. काही नाही, बिनघोर काम करा, असं मी सांगितलं. मालनबाई तिथेच उभ्या होत्या.

गेल्या महिन्यात निवृत्तीआधीची आवराआवर करताना मालनबाईंनी दोन पेट्या माझ्या टेबलावर ठेवल्या. ऐंशीच्या ऐंशी काचा! आठ वर्षं त्यांनी त्या धुतल्याच नव्हत्या. घरोघर विचारून मिशरीवाल्या एकतीस जणींच्या काचांवर लाल खूणही केली होती. मी पुन्हा मोजलं. कुठली काच कुणाची ते मला कळू नये म्हणून खुणांवर कागद चिकटवायला त्यांनाच बसवलं. मिशरी न लावणाऱ्या नऊ जणींत हजारी एक ठिपका निघाला, फवारणीवाल्यांत चारच. नऊ फार थोड्या, अभ्यास नव्याने करावा लागेल. पण 'काही होत नाही' असं लिहायचा मला अधिकार नव्हता.

परवा आम्ही दोघं नवसाबाईंना भेटायला बागेवर गेलो. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आमाला काय सांगता, साहेब? आमचे डोळे तवाबी झोंबत व्हते. ज्यांना कागद दिला, त्यांना सांगा."

म्हणून आज सांगतो आहे. अण्णा, अहवाल मागे घेत असल्याचं पत्र मी काल नियतकालिकाला पाठवलं. ही तुमची प्रत. आपण सत्काराला आलात आणि मी भलतंच काढून बसलो, हे मला कळतं. पण आता नवसाबाईंची सून सरिता पाइप ओढते. उद्या सकाळी ती त्याच ओल्या बागेत शिरेल, आणि तिने हातमोजे मागितले तर मुकादम माझाच कागद दाखवेल. तो परत मागवा, अशी हात जोडून विनंती.

मालनबाई, शाल मी द्यायची असं पत्रिकेत छापलंय. ती प्रतिभाताईंच्या हातून घ्या, मला तो मान नको.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्याच्या ओघात काही अधिकउणं झालं असेल, तर पदरात घ्या. अहवालातली चूक मात्र कुणीही पदरात घेऊ नका.