रवळनाथाची उजवी कळी

माझं कुणी खरं मानलं नाही. माहेरी नाही, सासरी तर नाहीच. बाई बोलली की बडबड, आणि तेच बुवा बोलला की कथा! नका मानू. पण शेकायला बसलायत तर ऐका, आणि मध्ये खोकू नका.

पेशवाईची शेवटची वर्षं. मध्ये सडा, कातळाचा उघडा माळ; पलीकडे रवळनाथाचं देऊळ, अलीकडे तात्या गुरवाचं घर. त्याची पोर येसू. आई नव्हती, आत्येनं वाढवलेली. आत्या गोजरा. तिला येसू आपल्या लेकाला करून घ्यायची होती, आणि येसूचं मन बसलं होतं सुभानावर. तोही गुरवाचाच, पण फौजेत नगारा वाजवायचा.

तात्या म्हणाला, "देवाला विचारू. तो सांगेल ते."

म्हणजे कसं? देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

डावी पडली.

पहाटे सुभाना फौजेबरोबर जाणार, सकाळी येसूची सुपारी फुटणार. पोर रडली नाही, बरं का! म्हणाली, "देवाचा नकार असेल तर माझी मान खाली. पण माझ्या तोंडानं मी एकदा विचारणार." आणि निजानीज झाल्यावर झावळ्यांची चूड पेटवून निघाली. एकटी! तुमच्यातला एक तरी बाप्या निघेल का? हसतोस काय, तू तर परसात जायला बायकोला उठवतोस!

सड्यावर चढली आणि चूड विझली. वारा नाही, काही नाही. फूस! मागून हाक आली, "येसू गोऽ..." वळली तर सुभाना. तेच पागोटं, तेच हसू.

"चल, जवळच्या वाटेनं नेतो."

चालली. चालते, चालते, देऊळ काही येईना. करवंदीची जाळी आली. गेली. परत तीच जाळी! येसू थांबली.

"नगारा बडवून घट्टे पडलेत ना तुझ्या हाताला? दाखव बघू."

हात पुढे आला. लोण्यासारखा मऊ, आणि विहिरीच्या तळासारखा गार! चकवा! अहो, वाट चुकवणारं भूत ते!

तो हसला. आणि बघता बघता वाढला. माडाएवढा झाला. डोईला तुरा, हातात तलवार, घंटेसारखा आवाज. "मी रवळनाथ! नकार दिलाय मी. परत फिर!"

येसूचे गुडघे वाकले. वाकणारच! जन्मभर ज्याला फुलं वाहिली तो समोर उभा. पण मान वर केली तिनं. शहाणी माझी बाय! म्हणाली, "माझा देव बोलत नाही. तो कळी पाडतो."

किंचाळला की हो तो! पदर धरला. टरकन फाटला. अर्धा पदर त्याच्या मुठीत सोडून येसू धावली ती थेट गाभाऱ्यात.

धापा टाकत कळ्या लावल्या. पुन्हा डावीच पडली. दुसरी कुणी असती तर तिथंच बसून रडली असती. येसूनं उजव्या कळीला हात घातला. निघेना! ओढली तर मागे तार आली. फणसाचा चीक! पाण्यानं तो जन्मात जायचा नाही. मग समईतलं तेल घेतलं आणि देवाचा खांदा पुसला, तापातल्या लेकराचा पुसावा तसा. नव्या कळ्या लावल्या आणि हात जोडून बसून राहिली.

उजाडताना तात्या शोधत आला. त्याच्या हाका ऐकून मागोमाग सुभानाही, फौज सोडून. दोघांच्या देखत उजवी कळी पडली. अलगद.

लग्न झालं. सुभाना जन्मभर देवापुढेच नगारा वाजवत राहिला.

सड्यावरची ती वाट अजून आहे. दिवस मावळल्यावर तिच्यावर पाऊल टाकू नका. येसूची छाती तुमच्यात नाही, माझ्यातही नाही.

आणि चीक? गाव म्हणे, चकव्यानं लावला. मेल्यांनो, चकवा कधी देवळाची पायरी चढतो का? मूर्ती रोज धुणारी बाई एकच. त्या सकाळी ती दारात बसून काळ्या पडलेल्या बोटांना खोबरेल चोळत होती. तात्यानं पाहिलं. सख्खी बहीण म्हणून झाकलं नाही त्यानं. भर गावात नाव घेतलं, गोजरा.